उसाचा खोडकिडा : फळ्यावरचं जीवनचक्र आणि शेतातला वाळलेला पोंगा



मागच्या मार्च महिन्यातली गोष्ट. सातवीच्या वर्गात कीटकांचं जीवनचक्र शिकवत होतो. नेहमीप्रमाणे फळ्यावर मोठा गोल काढला. अंडी, अळी, कोष, पतंग. चार चित्रं, चार बाण. उदाहरण रेशीमकिड्याचं. एवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलानं दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. उसाचा वाळलेला पोंगा होता. कागद उघडताच असा कुजका वास सुटला की शेजारची मुलं नाक धरून सरकली. तो म्हणाला, "सर, ह्याच्यात अळी हाय. हिचं फुलपाखरू कोणतं?"

मला उत्तर आलं नाही. इतकी वर्षं तो गोल काढत आलो, पण आपल्या गावच्या उसातली अळी पुढं काय होते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. "उद्या सांगतो," म्हणून वेळ मारून नेली.

संध्याकाळी त्याचे वडील भेटले. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "सर, तीनदा औषध मारलं. दरवेळेला दुकानातून नवी बाटली आणली. पोंगे वाळायचं थांबंना. कामून?"

दोघांच्या प्रश्नांवर बरंच वाचलं, जाणत्या शेतकऱ्यांना विचारलं, मुलांना घेऊन शेतात गेलो. तेव्हा लक्षात आलं की मुलाच्या प्रश्नाचं जे उत्तर आहे तेच वडिलांच्याही प्रश्नाचं आहे. हिचं फुलपाखरू कोणतं हे कळलं, की औषध का लागू पडत नाही हेही कळतं. हा लेख त्यासाठीच. आपल्या भागातल्या कोणत्याही शाळेत हा पाठ घेता येईल.

आपला परिसर आणि ऊस

हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातलं गाव. वसमत म्हटलं की लोकांना आधी हळद आठवते. पण हळदीच्या शेजारच्या वावरात ऊस असतोच. पूर्णा नदीवर १९६० च्या दशकात येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, कालव्याचं पाणी आलं, आणि ज्वारी-कापसाच्या या पट्ट्यात बागायत वाढली. वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना, कुरुंद्याचा टोकाई कारखाना ही नावं आपल्या मुलांना पाठ असतात. हिवाळ्यात शाळेसमोरून उसाच्या ट्रॉल्या जातात तेव्हा कोणता ट्रॅक्टर कोणाचा, हेही ती न बघता सांगतात.

आपल्याकडे ऊस तीन हंगामांत लागतो. जुलै-ऑगस्टमधला आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला पूर्वहंगामी आणि साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा सुरू. शिवाय ऊस तुटून गेल्यावर त्याच बुडख्यांतून फुटणारा खोडवा. या चौघांपैकी सुरू ऊस आणि खोडवा ऐन उन्हाळ्यात कोवळे असतात. खोडकिड्याला नेमके हेच सापडतात.

नाव एक, पतंग अनेक

"खोडकिडा" या शब्दानं मोठा गोंधळ होतो. खोड पोखरतो तो खोडकिडा, असं आपण म्हणतो. ते बरोबरच आहे, पण प्रत्येक पिकाचा खोडकिडा वेगळा असतो.

उसाच्या खोडकिड्याचं शास्त्रीय नाव कायलो इन्फस्काटेलस. १८९० साली स्नेलेन नावाच्या डच कीटकतज्ज्ञानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. ज्वारीचा खोडकिडा त्याचा चुलतभाऊ, कायलो पार्टेलस. हळदीचा खोडकिडा मात्र दुसऱ्याच घरचा. त्याचा पतंग पिवळाधमक असतो आणि पंखांवर काळे ठिपके असतात. आपल्या तालुक्यात ऊस आणि हळद बांधाला बांध लावून असल्यामुळं "हळदीतला किडा उसात आला" असं पुष्कळ जण म्हणतात. तसं नसतं. दोन पिकं, दोन पतंग.

"पतंग" या शब्दाचीही वर्गात गंमत होते. मुलांना पतंग म्हणजे संक्रांतीचा. गावात या किड्याला कोणी पाखरू म्हणतं, कोणी सरसकट फुलपाखरू. म्हणून आधी फरक सांगावा. फुलपाखरू बहुधा दिवसा उडतं, बसताना बहुतेक वेळा पंख मिटून उभे धरतं आणि त्याच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंग बहुधा रात्री उडतो, पंख अंगावर छपरासारखे टाकून बसतो आणि त्याच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. त्या मुलाच्या अळीचं फुलपाखरू होत नाही, पतंग होतो.

चार अवस्था, चार ठिकाणं

आता फळ्यावरचा तोच गोल पुन्हा काढू. पण यावेळी प्रत्येक चित्राखाली दोन गोष्टी लिहू : ही अवस्था *कुठं* असते आणि *किती दिवस* असते.

*अंडी* : मादी रात्री अंडी घालते, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला. चपटी, पांढरट, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली, तीन ते पाच ओळींत. एक मादी आयुष्यात चारशेपर्यंत अंडी घालू शकते. चार ते सहा दिवसांत ती उबतात.

*अळी* : अंड्यातून निघालेली इवलीशी अळी सुरुवातीला पानाच्या देठाजवळच्या आवरणावर खरवडून खाते. काही अळ्या रेशमासारख्या धाग्यावर लोंबकळत वाऱ्यानं शेजारच्या उसावर जातात. मग जमिनीलगत कोंबाला भोक पाडून आत शिरतात. एकदा आत गेली की तीन-चार आठवडे तिचा मुक्काम आतच. मळकट पांढरा रंग, तपकिरी डोकं आणि पाठीवर डोक्यापासून शेपटापर्यंत जाणारे पाच जांभळट पट्टे, ही तिची ओळख. पोरांना सांगावं, पट्टे मोजा. पाच भरले की हीच ती.

*कोष* : अळी उसाच्या आतच कोषात जाते. त्याआधी ती एक शहाणपणाचं काम करते. पतंगाला कुरतडता येत नाही, म्हणून बाहेर पडायचं भोक अळीच आधी करून ठेवते. कोषाचा काळ साधारण आठवडाभराचा.

*पतंग* : वाळलेल्या गवताच्या रंगाचा, बोटाच्या पेराहून लहान. पुढच्या पंखांच्या कडेला बारीक काळसर ठिपके, मागचे पंख पांढरे, तोंडापुढं चोचीसारखं टोक. दिवसा पानांत दडून बसतो, रात्री बाहेर पडतो. थोडे दिवसच जगतो. पतंग स्वतः उसाचं काहीच खात नाही. जोडीदार शोधणं आणि अंडी घालणं, एवढंच त्याचं काम.

सगळं मिळून एक फेरा पस्तीस ते चाळीस दिवसांत पुरा होतो. म्हणजे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत साधारण तीन पिढ्या.

पोंगा का वाळतो?

उसाच्या मधोमध गुंडाळीसारखं उभं असलेलं कोवळं पान म्हणजे पोंगा. तो जिथून निघतो, त्या बुडातल्या जागी उसाचा वाढीचा कोंब असतो. अळी नेमकं तेच खाते. बुडाशी कोंब कापला गेला की वर पोंग्याला पाणी मिळत नाही. बाजूची पानं हिरवी आणि मधला पोंगा वाळलेला, असं चित्र दिसतं. यालाच पोंगेमर किंवा गाभेमर म्हणतात.

पोंगा हातानं ओढला तर सहज उपसून येतो. त्याचं खालचं टोक सडलेलं असतं आणि घाण वास येतो. वर्गात सुटला तोच हा वास. कोंब पहिल्या दोन-तीन महिन्यांतला असेल तर हे नुकसान जास्त. ऊस मोठा होऊन कांड्या धरू लागला की या किडीचा जोर ओसरतो.

आता इथं उसाचीही एक ताकद सांगायला हवी. एक कोंब मेला तर बेट नवे फुटवे काढतं. म्हणून थोडे पोंगे वाळले तर ऊस ते भरून काढतो. पण उशिरा आलेला फुटवा उशिराच वाढतो, तुटायच्या वेळेपर्यंत पुरता भरत नाही, हलका राहतो. आणि फुटवे यायच्या आधीच मूळ कोंब गेला तर कधी बेटच मरतं, सरीत खांडणी पडते.

मग औषध का लागू पडेना?

आता त्या वडिलांचा प्रश्न. पोंगा वाळलेला आपल्याला *दिसतो*, तेव्हा अळी आत जाऊन बरेच दिवस झालेले असतात. आपण पानांवर फवारतो. अळी कोंबाच्या आत, भोकाच्या तोंडाशी तिच्याच विष्ठेचा भुसा. औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पोचलं तरी वाळलेला पोंगा पुन्हा हिरवा होत नाही. शेतकऱ्याला दिसतं ते एवढंच की औषध मारलं आणि पोंगे वाळलेलेच राहिले. मग तो दुसरी बाटली आणतो. तोवर आतल्या अळ्यांचे कोष होतात, पतंग निघतात, नवी अंडी पडतात, आणि महिन्याभरानं पोंगे पुन्हा वाळू लागतात. उलट पानांवर मारलेल्या औषधानं मरतात ते उघड्यावर फिरणारे कीटक. त्यांतले बरेच आपल्या बाजूचे असतात.

फळ्यावरच्या गोलाकडं पुन्हा बघा. चार अवस्थांपैकी अळीचा बहुतेक काळ आणि कोषाचा सगळा काळ बंद दाराआड जातो. उघड्यावर असतात फक्त अंडी, पतंग आणि नुकती निघालेली अळी. जे काही करायचं ते या उघड्या दिवसांत. गोलावर दिवस लिहिले की तो शेतकऱ्याचं कॅलेंडर होतो, तो याच अर्थानं.

उन्हाळ्यातच जोर का?

जास्त तापमान, कोरडी हवा आणि कोरडी, तापलेली जमीन या किडीला मानवते. आपल्याकडं मार्चनंतर हे तिन्ही मिळतं. कालव्याची पाळी लांबली, मोटारीला वीज मिळाली नाही, वावर उघडं पडून भेगाळलं, की प्रादुर्भाव वाढतो. फेब्रुवारीनंतर रखडत लावलेल्या उसात म्हणूनच पोंगेमर अधिक दिसते. त्याचा कोंब कोवळा असतानाच कडक ऊन येतं. डिसेंबर-जानेवारीत लावलेला ऊस तोपर्यंत थोडा थोराड झालेला असतो. पाऊस सुरू झाला, हवेत ओल आली की जोर कमी होतो.

वाळलेला पोंगा म्हणजे खोडकिडाच, असं नाही

ऊस वाळतो त्याची कारणं अनेक. उपाय करण्याआधी उपसून, चिरून बघणं गरजेचं आहे.

- *खोडकिडा* : कोवळा ऊस, पोंगा सहज उपसतो, कुजका वास, बुडाशी भोक, अळीवर पाच पट्टे.
- *गुलाबी अळी* : नुकसान असंच, पण अळी गुलाबी झाक असलेली आणि पट्टे नाहीत.
- *शेंडेकीड* : अळी शेंड्याकडून पानाच्या मधल्या शिरेतून आत जाते. शिरेवर तांबूस रेष दिसते, उघडलेल्या पानावर एका ओळीत भोकं दिसतात. मोठ्या उसात शेंडा मरून बाजूनं डोळे फुटतात, झुपका होतो. हिचा पतंग पांढराशुभ्र.
- *कांडीकीड* : ऊस चार-पाच महिन्यांचा होऊन कांड्या धरल्यावर. कांडीवर भोक, बाहेर भुसा, कांड्या आखूड. ही अळीही कायलोच्याच कुळातली.
- *हुमणी* : मुळं खाल्ल्यामुळं पूर्ण बेट पिवळं पडून वाळतं आणि ओढलं तर बेटासकट हातात येतं. ही पतंगाची अळी नाही, भुंगेऱ्याची आहे.
- *वाळवी* : बेणं पोखरलेलं, आत माती भरलेली. कुजका वास नाही.

हा तक्ता मुलांनी वहीत करावा आणि घरी शेतावर पडताळावा. मोठी माणसंही मग मुलाला विचारतात, "बघ बरं, कोणतं आहे?" आमच्याकडं असं झालं.

आपल्या बाजूचे कीटक

वर्गात एक गणित घातलं. एका मादीनं ३०० अंडी घातली आणि सगळी जगली असं समजा. निम्म्या माद्या धरा. तिसऱ्या पिढीत किती किडे? पहिली पिढी ३००. त्यातल्या १५० माद्या, प्रत्येकी ३००, म्हणजे ४५,०००. त्यातल्या २२,५०० माद्या, म्हणजे ६७,५०,०००. साडेसदुसष्ट लाख! एका मादीपासून, एका उन्हाळ्यात.

मग विचारलं, "एवढे किडे शेतात दिसतात का?" नाही. का नाही? मुलं विचारात पडली. एक मुलगी म्हणाली, "कोणीतरी खात असंल." तिचं बरोबर होतं. बहुतेक अंडी आणि अळ्या मोठ्या होतच नाहीत. मुंग्या, कोळी, पक्षी आणि परोपजीवी कीटक त्यांना संपवतात.

त्यातला सगळ्यात कामाचा ट्रायकोग्रामा. गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातला हा कीटक अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. त्याची मादी खोडकिड्याचं अंडं शोधते आणि त्या अंड्याच्या *आत* आपलं अंडं घालते. आतून खोडकिड्याची अळी निघण्याऐवजी आठवड्याभरात नवा ट्रायकोग्रामा निघतो. असं अंडं काळं पडतं. अळी कोंबात शिरण्याआधीच, उघड्या दिवसांत काम होतं.

प्रयोगशाळेत ट्रायकोग्रामा वाढवतात ते तांदळात होणाऱ्या एका पतंगाच्या अंड्यांवर. म्हणजे एका पतंगाची अंडी वापरून दुसऱ्या पतंगाचा बंदोबस्त. ही अंडी कागदावर चिकटवतात, त्यालाच ट्रायकोकार्ड म्हणतात. एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी असतात. कार्डाचे तुकडे करून ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला लावतात. कार्डावरची तारीख बघावी, ते उन्हात ठेवू नये, आणि आधी-नंतर आठवडाभर तरी फवारणी टाळावी, नाहीतर पैसे देऊन आणलेला मित्र आपल्याच हातानं मरतो.

कोंबाच्या आतल्या अळीलाही गाठणारी एक माशी आहे, स्टर्मिऑप्सिस. ती भोकाच्या तोंडाशी आपल्या बारीक अळ्या सोडते. त्या आत सरपटत जाऊन खोडकिड्याची अळी शोधतात. जे औषधाला जमत नाही ते ही माशी करते.

शेतात काय करावं?

मी शेतीतज्ज्ञ नाही, मास्तर आहे. मात्रा आणि औषधांची नावं कृषी सहायक, तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला विचारावीत. पण जीवनचक्र समजलं की पुढच्या गोष्टींमागचं कारण आपोआप कळतं.

१. *सुरू ऊस वेळेवर लावा.* कडक ऊन येण्याआधी कोंब थोराड होऊ द्या.

२. *पाचट जाळू नका, पसरा.* पाचटाखाली जमीन थंड आणि ओली राहते, किडीला हवं ते कोरडं रान मिळत नाही. खोडव्यात तर पाचट आयतंच असतं. आपण काडी लावतो आणि त्यात मित्रकीटकही जळतात.

३. *उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नका.* पाणी कमी असेल तर एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं, लवकर लवकर.

४. *बाळबांधणी वेळेवर करा.* दीड महिन्याच्या सुमारास कोंबाच्या बुडाला हलकी माती लागली की अळीची शिरायची जागा झाकली जाते. आधी केलेल्या भोकातून निघू पाहणारा पतंगही अडतो.

५. *अंड्यांचे पुंजके दिसले तर ती पानं तोडून नष्ट करा. वाळलेले पोंगे अळीसकट बुडातून काढा.* नुसता पोंगा उपसून बांधावर फेकला तर अळी कोंबातच राहते.

६. *कामगंध सापळे लावा.* मादीच्या वासासारखी गोळी सापळ्यात असते, नर त्यात येऊन अडकतात. पतंग उडू लागल्याची खबरही त्यातून मिळते. तीच ट्रायकोकार्ड लावायची वेळ.

७. *एवढं करून प्रादुर्भाव फार वाढला तरच औषध,* तेही उसाच्या खोडकिड्यासाठी शिफारस असलेलं, सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेल्या पद्धतीनं. क्लोरँट्रानिलीप्रोलसारखी औषधं मुळावाटे उसात चढतात, म्हणून त्यांची दाणेदार स्वरूपात किंवा आळवणीनं शिफारस असते.

"फार वाढला" म्हणजे किती? शेकडेवारीचा पाठ

हा प्रश्न मुलांवरच सोपवला. शंभर कोंबांमागं साधारण पंधरा पोंगे वाळले तर औषधाचा विचार करावा, अशी मर्यादा तज्ज्ञ सांगतात. मोजायचं कसं? शेताच्या चार कोपऱ्यांत आणि मधे, अशा पाच जागा निवडायच्या. बांधाजवळच्या नाहीत, थोडं आत जाऊन. प्रत्येक जागी ओळीनं वीस कोंब मोजायचे आणि त्यातले वाळलेले वेगळे लिहायचे. पाच जागांचे मिळून शंभर कोंब, म्हणजे जितके वाळलेले तितके टक्के. सहावीच्या मुलालाही जमतं.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, पालकांना विचारून, आम्ही त्या मुलाच्याच वावरात गेलो. पाच गट केले. आकडे आले : तीन, एक, दोन, दोन, एक. बेरीज नऊ. मुलगा वडिलांकडं बघून म्हणाला, "नऊ टक्केच हाय, बाबा. पंधरा न्हाई." वडील काही बोलले नाहीत. चौथी बाटली आणलेली होती, ती घरात तशीच राहिली. बाळबांधणी राहिली होती ती त्यांनी त्या आठवड्यात केली, शेजाऱ्याच्या तुटलेल्या फडातलं पाचट आणून सऱ्यांत पसरलं.

सगळा ऊस वाचला असं मी म्हणणार नाही. काही बेटं गेलीच. पण एप्रिलमध्ये पोरांनी पुन्हा मोजलं तेव्हा शंभरात सात निघाले आणि बाजूनं नवे फुटवे आले होते. एका वावरातल्या दोन मोजण्यांवरून फार मोठं अनुमान काढू नये, हेही मुलांना सांगितलं. तोही विज्ञानाचाच भाग.

पालकांना एक विनंती

हे लिहिताना मनात सगळ्यात जास्त घोळत होती ती वेगळीच गोष्ट. तीन फवारण्यांचं पाणी आणून देणारा, बाटलीच्या टोपणानं औषध मोजून काठीनं ढवळणारा तोच मुलगा होता. त्यानं हे वर्गात अगदी सहज सांगितलं, आणि अजून तीन-चार हात वर झाले.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. ती मोठी माणसं होती. लेकराच्या अंगाला तर थोडं विषही जड जातं. म्हणून औषध कालवणं, फवारणं, रिकामी बाटली धुणं ही कामं मुलांना कधीच देऊ नका. फवारलेल्या वावरात त्यांना लगेच पाठवू नका. रिकाम्या डब्याचा घरात वापर नको.

प्रत्येक औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हा क्रम मुलांना पाठ करून द्या. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे, हेही सांगा.

वर्गासाठी उपक्रम

- पोंग्यासह कोंब आणून, शिक्षकांनीच चिरून दाखवावा. अळी, भोक, भुसा यांचं चित्र मुलांनी काढावं.
- अळी सापडलेला कोंब मोठ्या बरणीत, तोंडाला बारीक कापड बांधून ठेवावा. तारखा लिहाव्यात. पतंग निघाला तर वर्गाला उत्तर मिळतं, आणि माशी निघाली तर त्याहून चांगला प्रश्न मिळतो.
- गणित : एकरात ४०,००० पक्के ऊस आणि प्रत्येकाचं वजन सरासरी एक किलो धरलं तर किती टन? त्यातले दहा टक्के गेले तर किती टन घट? कारखान्याच्या यंदाच्या भावानं किती रुपये?
- भाषा : पोंगा, फुटवा, बेट, सरी, टिपरी, पाचट, वाढं, बाळबांधणी, खोडवा. या शब्दांचे अर्थ आजी-आजोबांना विचारून लिहा.
- भूगोल : 'को ८६०३२' या उसाच्या जातीतलं 'को' म्हणजे कोइमतूर. १९१२ साली तिथं ऊस पैदास केंद्र सुरू झालं. नकाशात हट्टा आणि कोइमतूर दाखवा.

आमच्या बरणीत अठराव्या दिवशी पतंग निघाला. वाळक्या गवताच्या रंगाचा, अगदी साधा. मुलांचा जरा विरसच झाला. एवढ्या नासाडीमागं काहीतरी भयंकर असेल असं त्यांना वाटलं होतं. ज्यानं पोंगा आणला होता तो बराच वेळ बरणीशी वाकून बसला, मग म्हणाला, "सर, हा तर रोज रात्री आमच्या बल्बवर येतो."

तो येतो तोच की त्याच्यासारखा दुसरा, हे नक्की करायला पुढच्या वर्षी बल्बखालचे पतंग बघायचं ठरलंय. तुमच्याकडं ऊस असेल तर तुम्हीही बघा. तुमच्या मुलांनी मोजलेले आकडे जरूर कळवा.